कांजिण्या एकदाच, सर्दी मात्र महिन्याआड: शरीर जंतूला ओळखतं तरी कसं?

प्रश्न भांडुपच्या एका ताईंचा आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. गेल्या वर्षी त्याला कांजिण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा होणार नाहीत. सर्दी-खोकला मात्र महिन्याआड चालूच. यंदा ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, आणि शेजारणीने सांगितलं की दुसऱ्यांदा झाला तर धोका वाढतो. ताई विचारतात: शरीर जंतूला एकदा ओळखून ठेवत असेल, तर ती ओळख कांजिण्यांत कामाला येते, सर्दीत का येत नाही, आणि डेंग्यूत उलटी का पडते? आणि शेवटी, प्रतिकारशक्ती वाढवायला कुठलं टॉनिक देऊ?

लालबाग-परळ भागात मी तीसेक वर्षं लहान मुलं तपासतो आहे. टॉनिकचा प्रश्न रोज येतो. त्याआधीचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने फार थोडे पालक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

'प्रतिकारशक्ती' हा शब्दच थोडा फसवतो. शक्ती म्हटलं की टाकीतल्या पाण्यासारखी ती कमी-जास्त होते आणि वरून काही ओतलं की वाढते असं वाटतं. पण अतिदक्षता विभागात मी जी मुलं पाहिली, त्यांतल्या कितीतरी जणांची ताकद कमी नव्हती. त्यांच्या शरीराला शत्रूची ओळख उशिरा पटली होती, किंवा पटल्यावर आवरतं घेता आलं नव्हतं. त्यामुळे माझं उत्तर बरंचसं ओळखीबद्दलच आहे.

एका पावसाळ्यात आठ वर्षांचा एक मुलगा आला होता. साचलेल्या पाण्यातून जाताना तळपायात पत्र्याचा तुकडा घुसला होता. तिसऱ्या दिवशी घरचे घेऊन आले तेव्हा पाऊल सुजलेलं, लालबुंद, हाताला गरम, आणि ठणका असा की चादर लागली तरी पोर कळवळायचं. जखमेच्या तोंडाशी पिवळट पू. मी जांघेत हात लावला तर तिथे सुपारीएवढी गाठ. आईचा चेहरा पडला. सोबतची आजी शांतपणे म्हणाली, "अवधाण आलंय त्याला." पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या गाठीला अवधाण म्हणतात; आजीचा शब्द अगदी बरोबर होता. त्या एका पायात आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

कातडी अखंड असती तर काहीच झालं नसतं. ती फाटली आणि जंतू मांसात शिरले. तिथे भक्षक पेशी आधीपासून मुक्कामाला असतात. या मुलाच्या भक्षक पेशींनी तो जंतू पूर्वी कधी पाहिला असो वा नसो, काही मिनिटांत त्यांनी ओळखलं की हे आपलं नाही. कसं? जंतूंच्या अंगावर काही गोष्टी अशा असतात ज्या माणसाचं शरीर कधीच बनवत नाही. विषमज्वराच्या जंतूच्या बाहेरच्या वेष्टणात साखर आणि चरबी जोडलेला एक मोठा रेणू असतो. काही जंतूंना पोहायला शेपूट असते, तिचं प्रथिन वेगळं. काही विषाणू पेशीत शिरून दुपदरी आरएनए तयार करतात, तसा लांबलचक दुपदरी आरएनए आपल्याकडे सापडत नाही. जंतूला या वस्तू टाकून देता येत नाहीत, कारण त्यांच्यावाचून त्याचं स्वतःचंच चालत नाही. आपल्या पेशींवर नेमक्या याच खुणा पकडणारे रेणू जन्मतः असतात.

हे तुलनेने अलीकडे कळलं. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की फळमाशीतलं 'टोल' नावाचं जनुक बिघडलं तर माशी बुरशीच्या संसर्गाने मरते. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरात त्याच घराण्यातला रेणू सापडला, जंतूच्या वेष्टणातला तो साखर-चरबीचा रेणू ओळखणारा. दोघांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. फळमाशी आणि माणूस यांच्यात इतकं अंतर, आणि शत्रूची पहिली खूण पटवायची पद्धत मात्र एकाच घराण्यातली. मला हे आजही विलक्षण वाटतं.

खूण पटली की भक्षक पेशी रासायनिक हाका मारते. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. लाली, ऊब, सूज, ठणका हे सगळं यातूनच येतं. मग रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. आम्ही शिकत असताना रात्रपाळीला रक्ताची काच स्वतः रंगवून बघावी लागे. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी मोठी पेशी, तिचं जांभळं केंद्रक तीन-चार पाकळ्यांत विभागलेलं आणि भोवती बारीक दाणे: हा न्यूट्रोफिल. दाण्यांत जंतू मारायची रसायनं भरलेली असतात. रक्तात त्याचं आयुष्य फार तर एखाद-दोन दिवसांचं, आणि अस्थिमज्जा रोज दहा हजार कोटींच्या आसपास नवे बनवते. जंतू गिळतो, मारतो आणि स्वतःही मरतो. पू हा बहुतांशी याच पेशींचा खच असतो.

त्याच हाका रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू शरीराचं तापमान वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. नवी पातळी गाठायला स्नायू थरथरतात, तीच हुडहुडी. ताप जंतू आणत नाही, शरीर आणतं. पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण थर्मामीटरवरचा आकडा पाहूनच अनेक घरांत प्रतिजैविक सुरू होतं. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, तो जरूर द्यावा. आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते बघावं: पाणी पितं का, लघवी होते का, ताप उतरल्यावर खेळतं का.

आता जांघेतली गाठ. जखमेजवळ फांद्यांसारखे हात पसरलेल्या डेन्ड्रायटिक पेशी असतात. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी त्यांचं वर्णन केलं. त्या जंतूचे तुकडे उचलतात आणि लसीकावाहिनीतून, म्हणजे ऊतींतला पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळीतून, जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात. पायासाठी ती जांघेत, हातासाठी काखेत, घशासाठी जबड्याखाली. ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पेशींची ये-जा सतत चालू असते, आणि प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराची खाच असते. एकीची खाच गोवराच्या विषाणूच्या तुकड्यात बसेल, दुसरीची धनुर्वाताच्या विषात, तिसरीची कदाचित अजून जगात न आलेल्या जंतूत.

इतके आकार येतात कुठून? आपल्याकडे जनुकं वीसेक हजारच. १९७६ मध्ये सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं की या पेशी वाढत असताना त्या खाचेच्या जनुकाचे तुकडे कापून वेगवेगळ्या जुळण्यांनी जोडतात, आणि सांध्यावर आणखी फेरफार करतात. काही शे तुकड्यांतून अब्जावधी वेगळ्या खाचा तयार होतात. म्हणजे शरीर शत्रू पाहून कुलूप घडवत नाही. आधीच असंख्य कुलपं घडवून ठेवतं आणि ज्यात किल्ली बसेल ते निवडतं. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये हीच कल्पना मांडली होती, जनुकांचा पुरावा यायच्या कितीतरी आधी.

पण एका विशिष्ट जंतूला जुळणाऱ्या पेशी मुळात मूठभरच असतात. त्यांना शोधायचं, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार करत फौज उभी करायची. याला पाच ते सात दिवस लागतात, कधी जास्त. त्या मुलाच्या जांघेतली सुपारी म्हणजे हीच पैदास. आई दुसऱ्या दिवशी विचारते, "डॉक्टर, अजून ताप का उतरत नाही?" तेव्हा कित्येकदा खरं उत्तर एवढंच असतं की नेमकी पेशी अजून मोजकीच आहे.

या फौजेत दोन तऱ्हा. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात, रिपोर्टवर ज्याला अँटिबॉडी म्हणतात ती. पूर्ण तयार झालेली एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं सोडू शकते. आधी 'आयजीएम' येतात, घाईने आलेली, पकड जरा सैल. मग 'आयजीजी', घट्ट पकडीची आणि पुढे वर्षानुवर्षं टिकणारी. ती जंतूला चिकटतात, पेशीत शिरायला अडवतात आणि भक्षक पेशींना 'याला खा' अशी खूण करून देतात.

पण विषाणू एकदा पेशीच्या आत गेला की प्रतिपिंडं बाहेरच राहतात. तिथे टी पेशी लागतात, आणि त्यांची पद्धत मी पालकांना चाळीवरून समजावतो. चाळीच्या गॅलरीतून चालताना प्रत्येक खोलीत डोकावायची गरज नसते. बाहेरच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं घरात कोण राहतं. आपली जवळपास प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे असेच बाहेर दोरीवर टाकत असते. टी पेशी गॅलरीतून फिरते, कपडे पाहते. घरातलेच असतील तर पुढे जाते. अनोळखी सदरा दिसला, की आत विषाणूचं ठाणं आहे हे ओळखून ती पेशीच संपवते. काही विषाणू हुशारी करून दोरीच रिकामी ठेवतात. त्यांच्यासाठी एनके नावाच्या पेशी असतात. ज्या घराबाहेर काहीच वाळत नाही, त्याचाच त्यांना संशय येतो.

टी पेशींचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर बाळाचा डावा दंड बघा. जन्मल्यावर क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचतात. दोन-तीन आठवडे काही दिसत नाही. मग तिथे छोटी गाठ येते, पिकते, थोडा पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत वण राहतो. दर महिन्याला कोणीतरी आई घाबरून येते, "टोचलेलं पिकलंय." मी सांगतो, काही लावू नका, पिळू नका, बाळाच्या टी पेशी क्षयाच्या कुळातल्या जंतूची ओळख करून घेत आहेत. क्षयाचा जंतू फार चिवट. भक्षक पेशी त्याला गिळते आणि तो तिच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. टी पेशींनी चेतवल्याशिवाय तिला तो नीट आवरता येत नाही. एचआयव्हीत याच मदतनीस टी पेशी नष्ट होतात आणि क्षय उफाळतो.

आपल्याच अंगात बसणारी खाच घेऊन एखादी पेशी तयार झाली तर? ती होतेच, कारण खाचा आंधळेपणाने जुळवलेल्या असतात. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी आहे, तिथे टी पेशींची परीक्षा होते आणि फार थोड्या उत्तीर्ण होतात. शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. ज्या नजर चुकवून निसटतात त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या नियामक टी पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हा लगाम सुटला की शरीर स्वतःवरच उठतं: मुलांतला पहिल्या प्रकारचा मधुमेह, काही जणांतला सांध्यांचा विकार. म्हणून 'वाढवा, वाढवा' ऐकलं की मला काळजी वाटते.

'आपलं' आणि 'परकं' यांतली रेघ किती कडक असते याचा मुंबईतलाच दाखला आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे एक रक्तगट शोधला, तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. साध्या चाचणीत तो 'ओ' वाटतो. पण या माणसांच्या पेशींवर 'एच' नावाची साखरही नसते, जी 'ओ' गटाच्या पेशींवर भरपूर असते. त्यामुळे 'ओ' रक्त चढवलं तरी त्यांची प्रतिपिंडं त्यावर तुटून पडतात. त्यांना त्याच गटाचं रक्त शोधावं लागतं.

आता स्मृती. लढाई संपली की बहुतेक फौज मरते, थोड्या स्मृतिपेशी उरतात. पुढच्या वेळी तोच जंतू आला तर सात दिवसांचं काम दोन-तीन दिवसांत होतं, आणि शिल्लक प्रतिपिंडं भरपूर असतील तर जंतूला पायही टाकता येत नाही. ही आठवण किती टिकते? फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर आला, मग ६५ वर्षं आला नाही. १८४६ मध्ये पुन्हा आला तेव्हा बेटांवरच्या साधारण ७,८०० माणसांपैकी ६,००० हून जास्त आजारी पडली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवलं की १७८१ मध्ये गोवर झालेले म्हातारे मात्र सुटले. लस म्हणजे आजार न होता ही ओळख करून देणं. भारतात देवीची पहिली यशस्वी लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला.

ताई, तुमच्या मुलाच्या कांजिण्या याच जातीच्या. तो विषाणू फारसा बदलत नाही आणि त्याची ओळख पक्की राहते. एवढं मात्र आहे की तो शरीरातून पूर्ण जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो, टी पेशी त्याला दाबून ठेवतात, आणि म्हातारपणी पहारा सैल झाला की नागीण होऊन बाहेर येतो.

सर्दीचं कोडं सोपं आहे. 'सर्दी' हा एक आजार नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, शिवाय बाकीची कुळं. तुमच्या मुलाच्या शरीराला मागच्या महिन्याचा विषाणू आठवतो, या महिन्यात आलेला दुसराच असतो. त्यात नाकातल्या अस्तरावरची प्रतिपिंडं लवकर विरळ होतात. शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे त्याचं शरीर ओळखी वाढवत असल्याचं लक्षण आहे. वजन-उंची वाढत असेल, मधल्या दिवसांत खेळत असेल, तर यात कमकुवतपणा काही नाही. वारंवार न्यूमोनिया, सारखे कान फुटणं, खोलवरची गळवं, वजन न वाढणं, असं असेल तर मात्र तपासण्या करायला हव्यात.

डेंग्यूत ओळख उलटते, हे तुमच्या शेजारणीने सांगितलेलं खरं आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, इतरांपासून काही महिनेच. नंतर दुसरा प्रकार आला की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, कारण चेहरा मिळताजुळता असतो, पण पकड त्याला निकामी करण्याइतकी घट्ट नसते. भक्षक पेशीला मात्र 'याला खा' ही खूण दिसते. ती गिळते, आणि डेंग्यूच्या विषाणूला नेमक्या त्याच पेशीत वाढायचं असतं. अर्धवट ओळखीने दार उघडून दिल्यासारखं होतं. विषाणू वाढतो, रासायनिक हाकांचा कल्लोळ होतो, रक्तवाहिन्या पाझरतात. सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्या बाळात पहिलाच डेंग्यू गंभीर होऊ शकतो तो याचमुळे: आईला पूर्वी डेंग्यू झाला असेल तर तिच्याकडून आलेली प्रतिपिंडं तोवर विरळ झालेली असतात, विषाणूला चिकटण्यापुरतीच उरतात. दुसऱ्यांदा झालेला प्रत्येक डेंग्यू गंभीर होतो असं मुळीच नाही, बहुतेक मुलं बरी होतात. धोका वाढतो, म्हणून लक्ष जास्त ठेवायचं.

आणि एक आजार असा आहे की जो आठवणच पुसतो. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच पकडतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गेलेली दिसली. मूल गोवरातून उठतं आणि पुढे बराच काळ न्यूमोनिया-जुलाब त्याला गाठत राहतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. लशीच्या दोन मात्रांनी बहुतेक टळला असता असा हा आजार. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

टॉनिकबद्दल माझं उत्तर: कुठलंच नको. पोटभर वरण-भात, भाजी, अंडं किंवा उसळ, फळ आणि नऊ-दहा तास झोप. कुपोषणात टी पेशी खरोखर दुबळ्या होतात, त्यामुळे अन्न हाच पाया. काढ्यांबद्दलही जपून राहा. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो संबंध मान्य केला नाही. वाद काहीही असो, सहा वर्षांच्या निरोगी मुलावर तो प्रयोग करायचं कारण मला दिसत नाही.

त्यापेक्षा दोन कामं करा. पहिलं, लसीकरणाचं कार्ड काढून बघा: गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा झाल्यात का, आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा बूस्टर झालाय का. हा बूस्टर शाळेच्या गडबडीत फार जणांचा राहतो. पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतो.

दुसरं, ऑगस्टचा डेंग्यूचा रिपोर्ट त्याच कार्डात ठेवा. पुढच्या पावसाळ्यात ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तो दाखवा. पॅरासिटामॉलखेरीज तापाचं दुसरं औषध घरी देऊ नका, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन तर नकोच. आणि ताप उतरतो त्या दोन दिवसांत निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत रक्तवाहिन्या पाझरण्याची वेळ तीच असते. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, मूल गळून जाणं किंवा सहा तास लघवी न होणं, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.